उजव्या खांद्यावरचा पदर

"पदर उजव्या खांद्यावर घे," अप्पा म्हणाले.

घेतला. नथ उजव्या नाकपुडीला लावली. चापाची होती म्हणून निभावलं. घड्याळसुद्धा डाव्या मनगटावरून काढून उजव्यावर चढवलं. हे काही मला कुणी शिकवायची गरज नव्हती. 'छायानंद' स्टुडिओत मुलींना असं उलटं नेसवायचं काम माझंच होतं. आजवर दुसऱ्यांच्या मुलींना नेसवलं होतं, आज स्टुलावर मी बसले होते, इतकंच.

"तीळ मातर ठसठशीत दिसाय पायजे," दाराशी खुर्ची टाकून बसलेले दिनकरमामा म्हणाले.

"दिसंल की. तीळ काय पळून जातोय?" अप्पांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि काळ्या कापडाखाली डोकं घातलं.

तेव्हा मी वीस वर्षांची होते. विट्यात बाजारपेठेच्या तोंडाशी अप्पा कुंभोज्यांचा हा स्टुडिओ होता, एसटीतून उतरलेल्या माणसाला पहिल्यांदा दिसायचा तो. लग्नाच्या मुलींचे फोटो काढायला आयाबाया यायच्या, आणि पोरीच्या पदराला परक्या पुरुषानं हात लावलेला त्यांना खपायचा नाही. म्हणून अप्पांनी मला ठेवलं होतं. पदर सारखा करायचा, पावडरचा पुंजका कपाळावर फिरवायचा, हनुवटी धरून मान वळवायची, आणि मग मागच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायचे, वाळवायचे, कडा कातरायच्या. कॅमेरा पुसायला हात लावायची मुभा होती. बाकी कशाला नाही.

"अप्पा, मला कधी शिकवणार?" असं विचारलं की ते म्हणायचे, "दिवाळी झाली की." एक दिवाळी झाली होती. कुठली दिवाळी हे मीच आधी विचारून घ्यायला हवं होतं.

एकदा ते जेवायला गेले असताना मी गुपचूप त्या काळ्या कापडाखाली डोकं घातलं होतं. मागच्या काचेवर समोरची खुर्ची उलटी लटकत होती, पाय वर, पाठ खाली. रस्त्यावरून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन गेली, तीही उलटी, पाटी खाली आणि पाय आभाळात. मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. कापडाखालून बाहेर आले तेव्हा माझं ठरलं होतं. मला आयुष्यभर हेच करायचं होतं, दुसरं काही नको होतं.

पण घरचं ठरवणारे दिनकरमामा होते. मी चार वर्षांची असताना वडील विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेले आणि आई मला घेऊन भावाच्या दारात आली. मामांनी सांभाळलं, शिकवलं, कधी उपाशी ठेवलं नाही. हे सगळं खरंच आहे. त्यामुळे त्यांच्यासमोर तोंड उघडायची सोय नव्हती.

आणि तीळ. माझ्या उजव्या गालावर मसुराच्या दाण्याएवढा तीळ आहे. बाईच्या डाव्या गालावर तीळ असला की लक्ष्मी, उजवीकडे असला की अवलक्षण, हे कुठल्या पोथीत लिहिलंय देव जाणे, पण आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तेवढ्यावरून स्थळं परत जात होती. आई मला जेवायला नेहमी भिंतीकडेला बसवायची, उजवा गाल भिंतीकडे. देवळाला जाताना माझ्या डाव्या हाताला चालायची. वेणी घालतानाही डावीकडे बसायची. लहानपणापासूनच असं होतं, म्हणून त्यात विचारण्यासारखं काही आहे हेच मला कधी सुचलं नाही.

आदल्या वर्षी मामांनी फोटोतला तीळ पेन्सिलीनं काढून टाकायला लावला होता. फोटोवर पसंती आली, माणसं बघायला आली, आणि बैठकीत मुलाच्या आत्यानं माझ्या गालावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो कुठनं आला?" चहा न पिता उठली मंडळी. त्यातून मामा शहाणे झाले होते.

"तीळ काढायचा न्हाई," ते अप्पांना समजावत होते. "तीळ राहू दे. बाजू बदला. पलूसचं स्थळ हाय, मुलगा सोसायटीत सेक्रेटरी हाय. त्यांच्यात म्हातारी लक्षणं बघती. डावीकडं तीळ दिसला की उडीच मारतील."

ही युक्ती अप्पांचीच होती. निगेटिव्ह उलटी घालून फोटो छापला की डावं उजवं होतं. पण मग पदर, नथ, घड्याळ सगळंच चुकीच्या बाजूला जातं आणि बघणारा लगेच म्हणतो, ही काय गुजराती आहे का? म्हणून मुलीला आधीच उलटं नेसवायचं. मग उलटा छाप काढला की पदर जागेवर, नथ जागेवर, आणि जे हलवायचं असतं तेवढंच हलतं. अशी सोय आजवर मी दोन-तीन मुलींची करून दिली होती, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

"आन समोर आल्यावर?" अप्पांनी कापडाखालूनच विचारलं.

"समोरच्याचं डावं आपल्या उजवीकडं येतंय. त्यात माणूस गोंधळतंय. न्हाई गोंधळलं तर बघू."

दिव्यांचा उजेड तोंडावर ओतत होता. शालूच्या काठानं मान खाजत होती. नथ चुकीच्या बाजूला टोचत होती. अप्पा म्हणायचे, "हलू नकोस," आणि त्यांनी हातातला, फोटो टिपायचा रबरी फुगा दाबला की नेमक्या त्याच क्षणी माझी पापणी पडायची. एकदा, दोनदा, पुन्हा. दुसऱ्या मुलींना मी इतक्यांदा सांगितलं होतं, दूर बघ, काहीतरी चांगलं आठव. मला काही आठवेना.

"फिलिम काय झाडाला लागतीया?" अप्पा कापडाखालून बाहेर आले. घामानं त्यांचे केस कपाळाला चिकटले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मामांकडे, आणि फुग्याची लांब नळी ओढत माझ्यापर्यंत आले. फुगा माझ्या हातात दिला. "शालूखाली धर. तुला वाटंल तवा दाब. मी काय सांगणार न्हाई."

तो फुगा मी रोज पुसत होते, पण दाबला कधीच नव्हता. हातात घट्ट धरला आणि समोर काचेच्या त्या गोल डोळ्यात बघितलं. त्या डोळ्यामागे मी उलटी लटकत असणार, हे आठवलं आणि मला थोडं हसू आलं. मी फुगा दाबला.

"आला," अप्पा म्हणाले. "ह्यो आला."

फिल्म धुवायला मीच आत गेले. अंधाऱ्या खोलीचं दार अप्पा बाहेरून कडी लावून बंद करायचे, चुकून कुणी उघडलं तर सगळ्यावर पाणी पडेल म्हणून. आत अंधार, औषधाचा आंबट वास, आणि धुताना काही दिसत नाही म्हणून कान मोठे होतात. बाहेर मामा बोलत होते.

"पसंती आली की पुढच्या महिन्यात उरकून टाकायचं. तुमी दुसरी पोरगी बघून ठेवा, अप्पा."

"मालनला तिकडं कुठं कामाला जाऊ देतील का? पलूसात बी स्टुडिओ हाय. हात चांगला हाय तिचा."

"छ्या! त्यांच्यात बाईमाणूस उंबऱ्याभाईर पडत न्हाई. सासूच सांगत हुती, तीस वर्सं झाली, एसटीत सुदीक कधी एकटी बसली न्हाई."

"अस्सं," अप्पा म्हणाले, आणि त्यांचा अडकित्ता वाजला. मला वाटलं होतं आणखी काहीतरी बोलतील. मी अंधारात पाण्यात हात घालून उभी राहिले. दार आतून उघडायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी छाप काढले. निगेटिव्हची मळकी, बिनचकाकीची बाजू खाली असली की छाप सरळ येतो. मी ती वर ठेवली. लाल दिव्याखाली, औषधाच्या तबकात कागदावर हळूहळू एक मुलगी उगवली. डाव्या खांद्यावर पदर, डाव्या नाकपुडीला नथ, डाव्या गालावर तीळ. चांगली मुलगी होती. मी तिला ओळखत नव्हते.

फोटो घरी नेला. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. हात धुऊन, पदराला पुसून तिनं तो दोन्ही हातांत घेतला आणि उजेडाला, दारात जाऊन उभी राहिली. किती वेळ बघत होती. मग तिनं फोटो कोनाड्यात ठेवला, दोन्ही हात त्याच्यावरून ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

मला आठवतंय तेव्हापासून आईनं माझ्यावरून कधी बोटं मोडली नव्हती. शेजारच्या पोरींवरून मोडायची, मामांच्या मुलांवरून मोडायची. मी हसून काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, मला नव्हे, त्या फोटोला:

"आशीच जल्मली आसतीस, तर त्ये आज आसते."

"कोण?" मी विचारलं. विचारायला नको होतं, कळलं होतं मला.

ती दचकली. चुलीकडे वळली. भाकरी उलटताना म्हणाली, "तुझ्या आत्यानं सांगितलं हुतं. तेराव्याला. पोरीच्या उजव्या गालावर तीळ, त्यो बापाला गिळणारा आसतोय म्हणून. म्या कुणाला बोलले न्हाई कधी."

तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं, हे खरंच. फक्त भिंतीकडेला बसवलं, डाव्या हाताला चालली, डावीकडून वेणी घातली. सोळा वर्षं तिनं माझा हा गाल बघायचा टाळला, आणि मी समजत होते की ती सवय आहे. मला राग यायला हवा होता. आला नाही. मला फक्त एवढंच जाणवलं की या घरात मी जिथं कुठं बसेन तिथं माझ्या उजव्या हाताला भिंत असणार.

भाकरी करपली. तीच तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

पलूसहून आठवड्यात पसंती आली. मामांनी पेढे आणले. येत्या बाजारच्या दिवशी मंडळी बघायला येणार, मुलगा, त्याची आई आणि मामा. आमच्या मामांनी सगळी आखणी करून ठेवली होती.

"उजव्या गालाला पावडरचा लेप द्यायचा चांगला. डावीकडं काजळाचा ठिपका. फोटोत हाय तस्साच, तेवढाच."

"आणि नंतर?" मी विचारलं.

"नंतर काय?"

"लग्नानंतर."

"रोज सकाळी काढायचा. बायका रोज कुक्कू न्हाईत का लावत? त्यातच एक ठिपका जास्त." त्यांना यात खरोखरच काही अडचण दिसत नव्हती. "पोरंबाळं झाली की कोण बघतंय?"

मी आईकडे बघितलं. ती पेढ्याचा पुडा सोडत होती. म्हणाली, "पुसला जाईल की, घामानं."

"मग पुन्यांदा काढायचा!" मामा म्हणाले.

त्या चार दिवसांत मी दिवसातून कितीदा तरी तो ठिपका काढून बघितला. आंघोळ केली की जायचा. तोंड पुसलं की फराटा उठायचा. मनात मी पलूसच्या त्या घरात राहून आले: सासू उठायच्या आधी उठायचं, आरसा शोधायचा, ठिपका काढायचा, आजारी पडायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. उंबऱ्याबाहेर पडायचं नाही आणि घरात कुणाला आपल्या उजव्या बाजूला बसू द्यायचं नाही. आणि हे सगळं मी माझ्याच हातानं धुऊन, वाळवून, कडा कातरून पाठवलं होतं.

बाजारच्या दिवशी सकाळी मी आईला सांगितलं, अप्पांची किल्ली द्यायची राहिलीय, देऊन येते. किल्ली खरंच माझ्याकडे होती. शोकेस झाडायचं काम माझं असल्यामुळे तिचीही किल्ली त्याच जुडग्यात होती.

अप्पा अजून आले नव्हते. मी दार उघडलं, अंधाऱ्या खोलीत गेले आणि दार नुसतं लोटून घेतलं. माझी निगेटिव्ह काढली. मळकी बाजू खाली ठेवली. मोठ्या कागदावर, कॅलेंडराएवढ्या, सरळ छाप काढला.

तबकात मी उगवले. उजव्या गालावर तीळ, जिथं असतो तिथंच. ओठांच्या कोपऱ्यात ते थोडं हसू, फुगा दाबतानाचं. ही मी होते, माझ्या ओळखीची. फक्त पदर उजव्या खांद्यावर होता, नथ उजवीकडे, घड्याळ उजव्या मनगटावर. एका निगेटिव्हमध्ये दोन्ही बसत नव्हतं. चेहरा खरा ठेवला तर कपडे चुकत होते, कपडे बरोबर ठेवले तर चेहरा.

शोकेसमध्ये तेव्हा गदा घेतलेले पैलवान असायचे, बारशाची बाळं असायची, हार घातलेली जोडपी असायची. बिनलग्नाच्या मुलीचा फोटो काचेत लावायचा नाही, हा अप्पांचा कडक नियम होता. एकदा लावला होता तेव्हा मुलीचा बाप काठी घेऊन आला होता. मी मधला पैलवान काढला, खाली ठेवला, आणि त्याच्या जागी स्वतःला लावलं. ओला होता कागद अजून, कडा वळत होत्या.

अप्पा आले. रस्त्यातूनच त्यांना दिसलं. सायकल भिंतीला न टेकवता तशीच धरून उभे राहिले.

"काढ त्ये," ते म्हणाले.

"फोटो खराब आलाय का, अप्पा?"

"काढ म्हणतोय न्हवं? माझं दुकान हाय, तमाशाचा तंबू न्हाई. तुझा मामा मला हितं राहू देईल का?"

"खराब आलाय का, तेवढं सांगा."

अप्पा काचेजवळ गेले. चष्मा वर केला. पुन्हा खाली केला. "फोटोला काय धाड भरलीया," ते चिडून म्हणाले. "डोळं बघ कसं आल्यात. माझ्या हातनं कधी आलं आसतं का?" मग सायकल लावली, आत जाऊन बसले आणि सुपारी कातरू लागले. काढ म्हणून पुन्हा म्हणाले नाहीत.

पलूसची एसटी आली. मी आत पडद्यामागे उभी होते. काचेसमोर तिघं थांबली: जाडजूड काठाचं लुगडं नेसलेली बाई, फेटेवाला माणूस, आणि पांढऱ्याशुभ्र शर्टातला उंच मुलगा. बाईनं हातातल्या पिशवीतून फोटो काढला. काचेतल्या फोटोशेजारी धरला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग पायरी चढून आत आली.

"वो फोटूवाले," ती अप्पांना म्हणाली, "ह्या पोरीला जुळी भईण हाय का?"

अप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. मी पडद्याबाहेर आले.

"नाही," मी म्हणाले. "दोन्ही मीच."

"मग खरी कुठली?"

मी उजेडात, दारात जाऊन उभी राहिले आणि तिच्याकडे उजवा गाल केला. आयुष्यात पहिल्यांदा मी तो गाल कुणापुढे आपणहून केला. "तीळ इथं आहे," मी म्हणाले. "तुमच्याकडचा फोटो उलटा छापलाय. काचेतला सरळ आहे, त्यात पदर तेवढा चुकलाय."

ती वाईट बाई नव्हती. ओरडेल असं वाटलं होतं, पण तिनं हातातला फोटो खाली केला. "आगं, मग आमास्नी आधी सांगायचं तरी," ती म्हणाली. "घरात म्हातारी हाय गं आमच्या. तिच्याम्होरं आमचं कुणाचं चालत न्हाई."

"दोन्ही चांगलंच हायत की," मुलगा एकदम म्हणाला.

"तू गप," ती म्हणाली. आणि तो गप झाला. किती लगेच गप झाला ते बघून मला त्याची दया आली, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. बाईनं हातातला फोटो अप्पांच्या टेबलावर ठेवला, माझ्या हनुवटीला हात लावून तो हात ओठांना लावला, आणि तिघं आल्या पावली एसटी स्टँडकडे वळली.

पाहुणे का आले नाहीत ते बघायला निघालेले मामा थोड्याच वेळात येऊन पोचले. बाजारासाठी आलेलं निम्मं विटं त्या काचेसमोर जमलं होतं. "गुजरातीण झाली का काय रं दिनकरची भाची?" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मामा बोलले तेव्हा त्यांचा आवाज रडवेला होता.

"पोटच्या पोरीगत केलं तुला. पोटच्या पोरीगत! आता ह्या खोक्यातच ऱ्हा. माझ्या घराची पायरी चढायची न्हाई."

त्यांच्या मानानं ते बरोबरच बोलत होते. ते गेले. गर्दी पांगली. मी शोकेसमागे खाली बसले आणि पोटभर रडले. काजळ लावलेलं नव्हतं, त्यामुळे पुसायचं काही नव्हतं.

"उद्या लौकर ये," अप्पा सुपारी चघळत म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "बारशाचं गिऱ्हाईक हाय. फोकस तू लाव. पोरं माझ्यासमोर रडत्यात."

ऊन कलताना आई आली. बाजारपेठेत ती कधी एकटी येत नसे. काचेसमोर येऊन उभी राहिली तेव्हा मला वाटलं ही आता कपाळ बडवून घेईल. ती बघत राहिली. सोळा वर्षं टाळलेला तो गाल कॅलेंडराएवढा मोठा होऊन तिच्यासमोर होता, आणि भर रस्त्यात तिला वळायला भिंत नव्हती. मी बाहेर जाऊन जरा लांबच थांबले.

"ह्यो तू काढलास?" तिनं विचारलं.

"हो. फुगा मीच दाबला. छापला पण मीच."

काचेवर बाजाराची धूळ बसली होती. तिनं पदराचं टोक घेतलं आणि काच पुसली. कपाळावरून पुसली, डोळ्यांवरून पुसली, उजव्या गालावरूनही पुसली, जरा जोर लावून. धूळ गेली. तीळ राहिला. तिचा हात तिथं थोडा वेळ थांबला.

"पदर चुकलाय की गं," ती म्हणाली.

"हो. पदर चुकलाय."

"बाकी बराबर हाय." तिनं पदर पुन्हा खोचला. "चल घरी."

"मामा पायरी चढू नको म्हणालेत."

"पायरी त्याची आसंल. भाकरी म्या थापलीया."

मी आत जाऊन चपला घातल्या, अप्पांना येते म्हटलं. बाहेर आले तेव्हा ती थांबली होती. आम्ही निघालो. चावडीपर्यंत गेलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिचा हात माझ्या उजव्या हाताला लागतोय.